दिवे लावले की पेट्रोल वाढायचं : एका जुन्या जिप्सीच्या मंद मीटरचं प्रकरण

जानेवारीचा दुसरा आठवडा. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार सकाळीच आमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात आले आणि गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला लागले, "भाऊ, रात्री मीटरच दिसत नाही. मोबाइलची बॅटरी लावून पाहा लागते. अन् काल तर काटा पाव टाकीवर होता न जी, तरी गाडी बंद पडली."

मीटर, म्हणजे स्टिअरिंगसमोरची वेग आणि पेट्रोल दाखवणारी डबी, मंद दिसतो ही तक्रार आमच्याकडे महिन्यातून दोन-चारदा येते. जुनी गाडी म्हटली की ती येणारच. पण या वाक्याचा दुसरा भाग मला खटकला. पाव टाकी पेट्रोल दाखवणारी गाडी कोरडी कशी पडली? पहिला भाग आणि दुसरा भाग हे एकच दुखणं निघेल असं तेव्हा मलाही वाटलं नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आधी परिस्थिती समजून घ्या. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारी बाग. मुद्दाम पाणी तोडून दिलेला ताण संपवून पहिलं पाणी द्यायचे दिवस. शेतीची थ्री फेज लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणजे मोटार चालू करायची तर रात्रीच बागेत जावं लागणार. या बागायतदारांना आम्ही काकाजी म्हणतो. काकाजींचं घर नागपुरात, बाग काटोलच्या पलीकडे. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरचा रस्ता, वाटेत रोही (नीलगाय) आणि रानडुकरं आडवी येतात. अशा रस्त्यावर पहाटे दोन वाजता, कळमेश्वरच्या पुढे, गाडी बंद. थंडीत दीड तास उभं राहून शेवटी एका दूधवाल्याच्या गाडीवरून पेट्रोलची कॅन आणावी लागली. मीटर दिसणं हा शोभेचा विषय नाही, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. या माणसाला ते सांगायची गरज उरली नव्हती.

गाडी होती २००३ ची जिप्सी किंग. १९८५ मध्ये जिप्सी आपल्याकडे आली, १९९६ मध्ये १३०० सीसीची किंग आली, आणि २००० पासून तिला कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन मिळालं. नागपूरकरांना ही गाडी जास्त ओळखीची आहे ती जंगलामुळे. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, कुठल्याही गेटवर उघड्या जिप्सीच दिसायच्या. ही गाडीही आधी बरीच वर्षं सफारीत चाललेली. नंतर तिला हिरवा रंग मारून विकली आणि ती बागेच्या कामाला लागली. सफारीतल्या गाडीच्या डॅशबोर्डमागे काय काय साचतं, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. पिठासारखी बारीक धूळ आत जाते, तिच्यावर पहिल्या पावसाचा ओलावा बसतो, पुढचा अख्खा पावसाळा गाडी उभी, आणि मग ऑक्टोबरात पुन्हा धूळ. शिवाय वायरलेस, जास्तीचा दिवा, मोबाइल चार्जर, ज्याला जे लागलं त्याने तिथली वायर सोलून जोड मारलेला.

मीटरवर आधी दोनदा काम झालं होतं. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी बल्ब बदलून जास्त वॅटचे टाकले. सुरुवातीला झकास उजेड पडला, मग हळूहळू पुन्हा मंद होत गेला. नंतर दुसऱ्या ठिकाणी त्यांनी बल्बच्या जागी व्होल्ट मोजून दाखवले, तेरा भरले, आणि "वायरिंग बरोबर आहे, एलईडी टाका" असा सल्ला मिळाला. काकाजींचा पुण्यात शिकणारा मुलगाही फोनवर तेच म्हणत होता, निळे एलईडी टाका म्हणून. काकाजी त्यासाठीच आले होते. मी त्यांना एवढंच म्हटलं की काकाजी, एक तास द्या, एलईडी पळून जात नाहीत.

काहीही न उघडता

शटर अर्धं खाली ओढून अंधार केला आणि गाडी चालू करून पार्किंग लाईट लावले. माझ्याकडे आयटीआय करून आलेला एक मुलगा शिकतो. त्याला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि हात न लावता काय दिसतं ते सांगायला लावलं. मागचे दिवे आणि नंबर प्लेटचा दिवा कडक. म्हणजे बॅटरी, फ्यूज आणि दिव्याचा स्विच, जिथवर दोघांची वाट एकच आहे तिथवर, मोठी गडबड नाही. मीटर मात्र मेणबत्तीसारखा पिवळसर लाल. हा लालसर रंगच बरंच सांगून जातो. काच मळली असेल तर उजेड कमी होतो, पण फिलामेंट लाल पडत नाही. फिलामेंट लाल दिसतं तेव्हा त्याला व्होल्टेजच कमी पडत असतं.

मग मी त्याला उजवा इंडिकेटर द्यायला सांगितला. मीटरचा उजेड इंडिकेटरच्या तालावर लुकलुकायला लागला. मीटरमधला बाणाचा दिवा पेटला की बाकीचा उजेड बसतो, विझला की वर येतो. या दोघांचा पुरवठा वेगवेगळा, पण परतीची वाट, म्हणजे अर्थ (अर्थिंग), एकच. संशय तिथेच गेला.

तिसरी गोष्ट या शिकाऊ मुलाच्याच लक्षात आली, आणि तिचं श्रेय त्यालाच. तो म्हणाला, "दादा, लाईट लावला की पेट्रोलचा काटा वर जाऊन राह्यला." मी स्वतः चारदा लावून-विझवून पाहिलं. दिवे बंद असताना काटा लाल रेघेच्या जरा वर. दिवे लावले की अर्ध्या मिनिटात सरकत सरकत पाव टाकीजवळ. विझवले की पुन्हा खाली. काकाजी शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. रात्री दिवे लावूनच गाडी चालते, त्यामुळे रात्री काटा नेहमीच जास्त दाखवत आला होता. दिवसा पेट्रोल भरताना तो खरं दाखवायचा, म्हणून कधी शंका आली नाही.

याचं कारण साध्या भाषेत सांगतो. मीटरच्या आतल्या सगळ्या दिव्यांचा आणि काट्यांच्या हिशेबाचा पाया म्हणजे मीटरचा अर्थ. तो बॉडीशी घट्ट जोडलेला असेल तर शून्य व्होल्टवर असतो. तो जोड खराब असेल आणि दिव्यांचा करंट त्यातून परत जायला लागला तर तो पायाच व्होल्टभर वर उचलला जातो. टाकीतला सेन्सर मात्र खाली चेसिसवर, खऱ्या शून्यावर बसलेला. दोघांमधलं अंतर वाढतं आणि काटा जादा चढतो. पेट्रोल तेवढंच, फक्त मोजपट्टी सरकलेली.

मोजमाप

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आधीच्या ठिकाणी नेमकी इथेच चूक झाली होती आणि ती फार ठिकाणी होते. सगळे बल्ब होल्डरमधून काढले आणि रिकाम्या होल्डरमध्ये व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरच्या पिना लावल्या, तर तो १३ व्होल्ट दाखवणारच. मल्टिमीटर करंट घेतच नाही म्हणा ना. नळाला गंजलेली, अर्धी बुजलेली पाइप असली तरी तोटी बंद असताना दाब पूर्णच भरतो. तोटी उघडा, मग कळतं. वायरिंगचंही तसंच आहे. बल्ब जागेवर, पेटलेला, करंट वाहतो आहे, तेव्हाच मोजायचं. त्यासाठी मागच्या कनेक्टरमध्ये वायरच्या बाजूने टाचणी घालावी लागते आणि हात तिथे जाईपर्यंत घाम निघतो, पण दुसरा मार्ग नाही.

काळी पिन लांब वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला बांधून टाकली आणि फक्त लाल पिन फिरवत गेलो. इंजिन चालू, बॅटरीवर १३.८ व्होल्ट. डॅशबोर्डखाली मागच्या कोणा मालकाने मीटरचा उजेड कमी-जास्त करायचा एक फिरवायचा डिमर बसवला होता. त्याच्या आधी १३.४. डिमरच्या नंतर १०.७. मग बल्बच्या अर्थच्या बाजूला पिन लावली. तिथे शून्याच्या जवळपास काहीतरी यायला हवं. ०.१ आलं तरी चालेल, ०.२ आलं तर मी उघडून पाहीन. तिथे आले १.३ व्होल्ट. म्हणजे बल्बच्या वाट्याला १०.७ वजा १.३, फक्त ९.४.

काकाजी म्हणाले, "तेरातले नऊ तर भेटून राह्यले न?" हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असायला हवं. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, तो साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने पडतो. १३.४ ऐवजी ९.४ मिळाले म्हणजे व्होल्टेज ३० टक्के कमी झालं, पण उजेड जवळपास ७० टक्के गेला. म्हणून एक-दोन व्होल्ट कुठे अडकलेत ते शोधणं हे बल्ब बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त फळ देतं. आणि हाच घात उलट्या बाजूनेही चालतो. अडकलेलं व्होल्टेज मोकळं केलं की उजेड उसळून वर येतो.

उघडल्यावर

बॅटरीची निगेटिव्ह काढली. मागून स्पीडोमीटरची केबल मोकळी केली आणि मग मीटर बाहेर घेतला. केबल सोडायच्या आधी मीटर पुढे ओढू नका. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, कान तुटला की तो कुठेच मिळत नाही.

आधी अर्थचा माग काढला. मीटरच्या कनेक्टरमधून निघालेली काळी वायर डॅशबोर्डमागे बॉडीच्या पत्र्यावर एका स्क्रूने धरलेली होती. वरून पाहिलं तर काहीच चुकीचं दिसत नव्हतं. स्क्रू घट्ट, वायर शाबूत. स्क्रू काढला आणि थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, उचललं, तर खाली हिरव्या रंगाची गोल पापडी. गाडी रंगवताना या जागेवरही फवारा गेला होता आणि रंगावरच थिंबल कसलं होतं. पापडी नखाने निघाली. तिच्याखाली रंगाचा एक कंगोरा तुटून लोखंड उघडं पडलं होतं, तुरीच्या दाण्याएवढं, आणि तेवढ्या एका ठिपक्यावरही तपकिरी गंज चढलेला. मीटरचा सगळा करंट त्या दाण्याएवढ्या गंजातून घरी जात होता. दोन वर्षांपूर्वी नवे बल्ब टाकल्यावर उजेड चांगला होता आणि मग हळूहळू मावळत गेला, त्याचा उलगडा इथे झाला. तो ठिपका दर पावसाळ्यात थोडाथोडा मिटत होता.

पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवं थिंबल दाबून वर झाळ दिली, दातेरी वॉशर घालून स्क्रू कसला आणि मग वरून पेट्रोलियम जेलीचा थर दिला. आधी जोड, मग जेली, हा क्रम पाळायचा. शिवाय तिथून दीड एमएमची एक काळी वायर बॉडीच्या मुख्य अर्थ बोल्टपर्यंत ओढून टाकली. ही जादाची वायर नसती तरी चाललं असतं, पण पहाटे दोनला रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या गाडीत मला एकाच स्क्रूवर भिस्त ठेवायची नव्हती.

डिमर उघडला. आत चिनी मातीच्या कड्यावर तारेचं वेटोळं, त्यावरून सरकणारी एक पत्ती. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून पत्तीखालची तार काळी पडलेली. काकाजींना विचारलं, कधी उजेड कमी करता का? ते म्हणाले, ते बटण कशाचं आहे हेच आज कळलं. मग तो काढूनच टाकला आणि वायर सरळ जोडली. ज्यांना रात्री लांब हायवेवर चालवायचं असतं त्यांना डिमर हवा असतो आणि तो असावाही, पण तो चांगल्या प्रतीचा, बल्बांच्या एकूण वॅटला पुरेल असा हवा.

आता मीटर टेबलावर. मागच्या बाजूला पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर तांब्याच्या रेषा असतात, तेच त्याचं वायरिंग. होल्डर फिरवून बसवला की त्याचे दोन कान या रेषांवर टेकतात. रेषा काळवंडल्या होत्या. पेन्सिलच्या खोडरबराने हळू घासल्या की तांबं वर येतं. पॉलिश पेपर इथे चुकूनही नको, रेष उडते. होल्डरचे कान टाचणीने जरासे उचलले म्हणजे दाब बसतो.

होल्डरमध्ये ५ वॅटचे बल्ब निघाले. तिथे मूळचे ३.४ वॅटचे असतात. बंद डबीत, पातळ प्लास्टिकला चिकटून बसणाऱ्या बल्बची उष्णता वाढवणं म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात, जिथे पारा ४७ च्या पुढे गेलेला आहे, त्याच डबीत आणखी एक शेगडी ठेवणं. उजव्या कोपऱ्यात पांढरं प्लास्टिक तपकिरी भाजलेलं दिसत होतंच. जुने मंद असताना ते एक वेळ तग धरून होते. मी अर्थ आणि डिमर नीट करून हेच बल्ब ठेवले असते तर पूर्ण १३ व्होल्टवर त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात ती पट्टीच वितळवली असती. ३.४ चे नवे बसवले. जुन्या बल्बांच्या काचा आतून काळ्या पडल्या होत्या, ती फिलामेंटची उडालेली धातू असते.

डबीच्या आतली धूळ मऊ ब्रशने काढली. आतला पांढरा रंगच उजेड परतवून डायलमागे पसरवतो, तो मळला की बल्ब कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. कोमट पाण्यात साबणाचा थेंब, कापूस, आणि पूर्ण वाळवणं. पेट्रोल किंवा थिनर लावला की प्लास्टिक आंधळं होतं. आतून चांदीचा कागद चिकटवायची एक पद्धत आहे, ती मला मान्य नाही, कारण तो सुटून तांब्याच्या रेषांवर पडला तर शॉर्ट होतो. काट्यांना हात लावला नाही. उन्हाने त्यांचा केशरी रंग फिका पडला आहे, पण काट्यावर रंग चढवला की वजन बदलतं आणि काटा खोटं बोलायला लागतो. त्या गाडीत आधीच एक काटा पुरेसं खोटं बोलून झाला होता.

एलईडीचं काय

काकाजींच्या मुलाचा फोन पुन्हा आला, त्याच्याशी मी स्वतः बोललो. त्याचा आग्रह चुकीचा नव्हता. एलईडी कमी गरम होतात आणि टिकतात. पण या गाडीत पहिल्या दिवशीच ते टाकले असते तर काय झालं असतं ते त्याला समजावून सांगितलं. एलईडीला बल्बच्या मानाने करंट फार थोडा लागतो. त्या गंजक्या ठिपक्यावर मग व्होल्टेज पडलंच नसतं म्हणा. मीटर लखलखीत दिसला असता, लुकलुकणं जवळपास थांबलं असतं, आणि सगळ्यांनी काम झालं म्हणून हात झटकले असते. ठिपका मात्र गंजतच राहिला असता. पुढच्या एखाद्या पावसाळ्यानंतर तो पूर्ण मिटला असता आणि तेव्हा सगळे काटे एकदम वेडेवाकडे झाले असते, तेही लख्ख उजेडात. मंद पडलेला बल्ब दोन वर्षं काहीतरी सांगत होता. त्याला गप्प करायच्या आधी ऐकून घ्यायला हवं होतं.

निळ्या रंगाला माझा विरोध वेगळ्या कारणाने होता. अंधाराला सरावलेले डोळे निळ्या उजेडाने लवकर दिपतात आणि उघड्या गाडीच्या पुढच्या काचेवर त्याचं प्रतिबिंबही चमकतं. रोही रस्त्यावर येते तेव्हा एक क्षणही महाग असतो. कोणाला एलईडी टाकायचेच असतील तर वायरिंग आधी बल्बवर तपासून घ्यावं, मग उबदार पांढरे, सगळीकडे उजेड फेकणारे घ्यावेत. नुसते समोर झोत टाकणारे घेतले तर डायलवर एक पांढरा डाग पडतो आणि कडा काळ्याच राहतात. पेटला नाही तर उलटा करून बसवायचा, कारण त्याला प्लस-मायनस असतं.

परत जोडल्यावर

पुन्हा तेच मोजमाप, इंजिन चालू, बल्ब पेटलेले. बॅटरीवर १३.८. अर्थच्या बाजूला ०.०५. बल्बवर १३.३. इंडिकेटर दिला, मीटर ढिम्म हलला नाही. दिवे दहादा लावले-विझवले, पेट्रोलचा काटा लाल रेघेवर जिथल्या तिथे. काकाजींनी हे तीनदा करून पाहिलं, तिसऱ्या वेळी काट्यावर बोट ठेवल्यासारखं काचेवर बोट ठेवून.

काम सुरू करायच्या आधी आणि नंतर मी मोबाइलवर एकेक फोटो घेतला होता, दोन्ही वेळा कॅमेऱ्याची सेटिंग हाताने एकच ठेवून. कॅमेरा ऑटोवर असला तर तो मंद दिवाही उजळून दाखवतो आणि केलेल्या कामाचा फरकच दिसत नाही. एका सेटिंगवरच्या या फोटोंत पहिल्यामध्ये आकडेच वाचता येत नाहीत. दुसऱ्यात वेगाच्या आकड्यांसोबत खालच्या किलोमीटरच्या चकत्याही स्वच्छ आहेत. बल्ब, थिंबल, वायर धरून सामानाचा खर्च दोनशे रुपयांच्या आत गेला. नागपुरातल्या घाट रोडवर एका फेरीत सगळं मिळालं. बाकी सगळा वेळाचा हिशेब, साडेतीन तास.

फेब्रुवारीच्या शेवटी काकाजी हॉर्नच्या कामासाठी पुन्हा आले. हॉर्न पाहायच्या आधी मी मीटरच्या अर्थवर पिन लावली. ०.०५, तसंच. दिवसा आणि रात्री काटा एकच दाखवतो, असं त्यांनी सांगितलं. पण त्यांच्या मागच्या सीटखाली पाच लिटरची कॅन अजून होती. उजव्या कोपऱ्यात, टेम्परेचरच्या काट्यापाशी, उजेड अजून थोडा कमी पडतो. तिथलं प्लास्टिक भाजलेलं आहे, ते घासून पांढरं होणार नाही. कुठे भंगारात निघालेल्या जिप्सीचा धड मीटर सापडला तर फक्त ती मागची डबी बदलायची, काटे आणि किलोमीटर याच गाडीचे ठेवायचे, असं आमचं ठरलं आहे.